लोलकाच्या मागे काय ठेवायचं?

अर्जात मागणी एका ओळीत उरकली होती: सहा वस्तूंचे फोटो, बॅकग्राउंड साधं, प्रत्येक फोटो 2 एमबीच्या आत. शेवटची तारीख 15 सप्टेंबर 2024. दिवाळीआधी ठाण्यात भरणाऱ्या हस्तकलेच्या एका प्रदर्शनात आम्हाला आमच्या लोलकांसाठी, म्हणजे दगडाला तार गुंडाळून केलेल्या पेंडंटसाठी, टेबल हवं होतं. दोन दिवसांचं भाडं 4,000 रुपये आणि निवड फक्त फोटोंवरून. दगडावर तार बसवायची म्हटली तर मी रात्री दोनला उठूनही बसवेन, पण फोटो म्हटलं की हात वर. जूनपासून सप्टेंबरपर्यंत घरातल्या निम्म्या वस्तू आम्ही लोलकांच्या मागे ठेवून पाहिल्या. त्यात काय चाललं, काय नाही, कुठे किती पैसे गेले ते लिहून ठेवतो. हे काम करणारे बरेच जण इथेच अडतात आणि यूट्यूबवर जे सापडतं ते स्टुडिओवाल्यांच्या सोयीचं असतं.

आधी आमच्याबद्दल थोडं. माझी सगळी नोकरी वागळे इस्टेटमध्ये, मोटर वाइंडिंगच्या कामात झाली, त्यामुळे तांब्याची तार बोटांच्या ओळखीची. दागिन्याला मात्र वाइंडिंगची तार चालत नाही, तिच्यावर एनॅमलचा थर असतो. उघडी तार घ्यावी लागते. आणि ती मिलिमीटरमध्ये मागावी. अमेरिकन व्हिडिओतली 20 गेज म्हणजे 0.81 मिमी, आपल्याकडे जुन्या ब्रिटिश मापाने 20 गेज मागितली तर 0.91 मिमी हातात येते. दगड निवडणं आणि गिऱ्हाइकांशी बोलणं हिच्याकडे, म्हणजे बायकोकडे. मोबाइल आणि मोबाइलमधलं सगळं भाचीकडे.

घर नौपाड्यात, दुसऱ्या मजल्यावर, गॅलरी उत्तरेला. उत्तरेचा उजेड फोटोला चांगला असं सगळे सांगतात. ठाण्यात त्याला पुरवणी जोडावी लागते. मार्चच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत सूर्य पूर्वेच्या जरा उत्तरेला उगवतो, आणि मेच्या मध्यापासून जुलै संपेपर्यंत आपल्याकडे भर दुपारचा सूर्यसुद्धा डोक्याच्या किंचित उत्तरेला असतो. म्हणजे उन्हाळ्यात उत्तरेच्या गॅलरीतही तिरीप येते आणि तारेवर पांढरे भाजल्यासारखे डाग पडतात. त्यावर खिडकीला बटर पेपर लावणं हा दहा-वीस रुपयांचा उपाय. आम्ही सुरुवात केली तोवर पाऊस लागला होता, त्यामुळे बटर पेपरचं काम ढगांनी केलं. मळभाचा उजेड पसरट असतो, सावल्या मऊ पडतात. फक्त तो निळसर असतो, त्याकडे पुढे येतो.

पहिले फोटो साध्या पांढऱ्या कागदावर. दगड बरा आला, पण चांदीच्या मुलाम्याच्या तारेवर एक निळी रेघ दिसत होती.

“मामा, मुलामा उडाला का हो?” भाचीने विचारलं.

तार पुसली, फोटो पुन्हा काढला, रेघ जागच्या जागी. लोलक थोडा फिरवला तर रेघ तारेवरून सरकली. मग वर पाहिलं. समोरच्या इमारतीच्या गच्चीवर गळतीसाठी निळी ताडपत्री अंथरलेली, ती बारीक होऊन तारेत उतरली होती. पावसाळ्यात ठाण्यात कुठल्याही गॅलरीतून बघा, निळी ताडपत्री दिसणारच.

माझ्या दृष्टीने सगळं काम इथे फिरलं. तोपर्यंत आम्ही दगडाला शोभेल असं बॅकग्राउंड शोधत होतो. पण गोल तार हा एक लांबुडका आरसा आहे. खाली, बाजूला, वर जे असेल ते तिच्यात दिसतं, फोटो काढणाऱ्याचा शर्टसुद्धा. सपाट लॉकेटच्या मागे लाल कापड ठेवलं तर ते कापड मागे राहील. तारेच्या वेढ्यांमागे ठेवलं तर ते तारेचा रंग बदलेल. त्या दिवसापासून निवडीचा नियम ठरला, की बॅकग्राउंड आधी तारेसाठी बघायचं आणि मग दगडासाठी. मी फोटो काढताना करडा टी-शर्ट घालायला लागलो, त्यावरून घरात चेष्टा झाली ती वेगळी.

हिचा आग्रह कापडाचा होता. “अहो, आपलं काहीतरी दिसू दे की मागे,” म्हणून खणाचा ब्लाउजपीस आणि पैठणीचा काठ बाहेर आला. खण दिसायला देखणा, पण त्याची वीण बारीक आणि नक्षीदार, आपल्या तारेची वीणही बारीक. नजर कुठे थांबायची तेच कळेना. शिवाय मरून खणावर चांदीच्या मुलाम्याची तार तांब्याची वाटायला लागली. असा फोटो पाहून कोणी ऑर्डर दिली तर हातात वेगळीच वस्तू पडली असं त्याला वाटेल. पैठणीची जर तर सरळ तारेशी भांडायला उठली. कापडांत टिकलं ते एकच, जाडंभरडं, ब्लीच न केलेलं मांजरपाट, इस्त्री करून. त्यावर तांबं छान उबदार दिसतं. पण जवळून फोटो काढला की सुताचे धागे दोरखंडासारखे दिसतात आणि लोलक इवलासा वाटतो, म्हणून तेही मागे पडलं.

लाकडाचा पाट, पोळपाट, सागवानी फळी यांचं थोडक्यात: तपकिरी लाकडावर तांबं हरवतं, चांदीची तार पिवळट होते. पॉलिश असेल तर खिडकी चमकते. ऑनलाइन मिळतात ते संगमरवराच्या छपाईचे विनाइल पडदे मी मागवले नाहीत. भाचीच्या मैत्रिणीकडचा आणून पाहिला, त्यावर एका कोनातून सतत चकाकी येते.

पांढऱ्याचा पिच्छा मात्र सोडता येत नव्हता. भाचीला ऑनलाइनही विकायचं होतं आणि तिने निवडलेल्या साइटचा मुख्य फोटोचा नियम कडक होता. बॅकग्राउंड शुद्ध पांढरं, म्हणजे लाल, हिरवा, निळा तिन्ही आकडे 255, आणि वस्तूने चौकटीचा 85 टक्के भाग भरलेला. आमचे फोटो सावली दिसते म्हणून परत आले. पांढऱ्या कागदावर ठेवलेल्या वस्तूची सावली पडणारच. त्यात फोनचा कॅमेरा समोरचं सगळं सरासरीने मधल्या करड्या छटेला आणून बसवतो, म्हणून पांढरा कागद फोटोत मळकट येतो. स्क्रीनवर दगडावर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड लॉक होतात, मग उजेडाची खूण वर सरकवायची. काळ्या बॅकग्राउंडला याच्या उलट, खूण खाली.

सावलीवर तोडगा काचेने निघाला. फोटोफ्रेमच्या दुकानातून 4 मिमी जाडीची वहीएवढी काच कापून, कडा घासून घेतली, 90 रुपये. खाली पांढरा सनबोर्ड (फोमचा हलका, कडक पत्रा), त्यावर चारी कोपऱ्यांत उपड्या वाट्या, वाट्यांवर काच, काचेवर लोलक. सावली काचेतून खाली सनबोर्डवर दूर कुठेतरी पडते आणि चौकटीत येतच नाही. काच मात्र जुन्या सुती रुमालाने पुसावी, बोटाचा ठसा फोटोत पेंडंटपेक्षा स्पष्ट येतो. सनबोर्डचा तुकडा फ्लेक्स छापणाऱ्याकडे 120 रुपयांना मिळाला. थर्माकोल स्वस्त पडला असता, पण त्याचे मणी सुटतात आणि वेढ्यांत जाऊन बसतात.

सावली गेली तर दुसरं संकट. सगळीकडून पांढरं असलं की तारेतही सगळं पांढरंच दिसतं आणि तारेची कड पांढऱ्यात विरघळते. स्फटिकाचं तर विचारू नका, दगड आहे की भोक आहे ते कळत नव्हतं. यावर काळ्या कार्डशीटच्या दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या लोलकाच्या दोन्ही बाजूंना, चौकटीच्या जरा बाहेर उभ्या केल्या. तारेत आणि स्फटिकाच्या कडेला त्यांच्या बारीक काळ्या रेघा उमटल्या आणि पेन्सिलने कड काढावी तसा आकार उठून आला. खर्च 15 रुपये. संपूर्ण उद्योगात मला सगळ्यात आनंद या पंधरा रुपयांनी दिला.

“एवढं कशाला? बॅकग्राउंड पुसणारं ॲप आहे की,” असं ज्याला त्याला वाटतं. भरीव वस्तूला ते ठीक आहे. आपल्या कामात वेढ्यावेढ्यांमधून मागचं दिसत असतं. ॲप बाहेरची कड कापतं, आतली भोकं तशीच सोडतं, आणि 28 गेजची बारीक तार बॅकग्राउंड समजून खाऊन टाकतं. फोनचा पोर्ट्रेट मोडही याच कारणाने बंद ठेवा, तो कडीचा अर्धा गोल धूसर करून टाकतो. आम्ही स्नॅपसीड या फोटो सुधारायच्या ॲपमध्ये कर्व्ह्जचं, म्हणजे उजेडाच्या आलेखाचं, वरचं टोक थोडं आत ओढून पांढरं पूर्ण पांढरं केलं, बाकी कशाला हात लावला नाही.

आता निळसरपणा. मळभाच्या उजेडात अकीक फिका पडतो आणि जांभळा अॅमेथिस्ट निळा दिसतो. फोटो दुरुस्त करायला खरोखर पांढरं असं काहीतरी संदर्भाला लागतं. झेरॉक्सचा कागद त्यासाठी चालत नाही, त्यात चकाकीची रसायनं असतात, त्यामुळे तो स्वतःच निळसर असतो. कारखान्यातली सवय इथे उपयोगी पडली. नळाच्या आट्यांना लावतात ती टेफ्लॉन टेप, वीस रुपयांची, एका पुठ्ठ्याच्या तुकड्यावर सात-आठ थर गुंडाळली. टेफ्लॉन सगळे रंग जवळजवळ सारखेच परत पाठवतं. प्रत्येक उजेडात पहिला फोटो या तुकड्यासकट काढायचा आणि स्नॅपसीडच्या व्हाइट बॅलन्समधला ड्रॉपर, म्हणजे पांढरं कुठलं ते दाखवायची खूण, त्यावर टेकवायचा. अट एवढीच, की घरातले दिवे बंद पाहिजेत. खिडकीचा उजेड एकीकडून आणि पिवळा बल्ब दुसरीकडून आला तर कुठलाही ड्रॉपर दोन्ही बाजू सावरू शकत नाही.

ऑगस्टमध्ये पावसाने इतका अंधार केला की फोटो बाजूला ठेवून कागदपत्रं काढली. प्रदर्शनाला उद्यम नोंदणीचं, म्हणजे छोट्या उद्योगांच्या सरकारी नोंदणीचं, प्रमाणपत्र लागत होतं. ही नोंदणी सरकारी पोर्टलवर पूर्ण मोफत आहे. आधारला जोडलेला मोबाइल आणि पॅन एवढंच लागतं, कागद अपलोड करावे लागत नाहीत. गूगलवर शोधलं की दोन-तीन हजार मागणाऱ्या, सरकारी वाटाव्यात अशा साइट वर येतात, त्यांच्यापासून सांभाळा. खऱ्या पोर्टलच्या पत्त्यात शेवटी जीओव्ही डॉट इन असतं. अडलो ते एनआयसी कोडवर, म्हणजे धंद्याचा प्रकार सांगणाऱ्या सरकारी आकड्यावर. 3211 हा दागिन्यांचा, 3212 इमिटेशन दागिन्यांचा. तार तांब्याची, पण दगड अस्सल, मग आम्ही कशात बसतो? एकाहून जास्त कोड टाकता येतात हे कळल्यावर दोन्ही टाकले आणि मोकळा झालो.

ऑनलाइन विक्रीसाठी जीएसटी नोंदणी लागेल या धास्तीने भाची वर्षभर थांबली होती. 1 ऑक्टोबर 2023 पासून छोट्या विक्रेत्याला, म्हणजे महाराष्ट्रात मालाची उलाढाल वर्षाला 40 लाखांच्या आत असेल तर, नोंदणीशिवाय अशा साइटवर विकता येतं. मात्र राज्यातल्या राज्यातच, आणि जीएसटी पोर्टलवर पॅन देऊन एनरोलमेंट क्रमांक घ्यावा लागतो. पॅन, आधार आणि बँक खातं तिन्हीकडे नावाचं स्पेलिंग एकच आहे ना ते आधी बघा. आमच्याकडे बँकेत आडनावात एक ‘ए’ जास्त होता, तो काढायला आठवडा गेला.

गणपती 7 सप्टेंबरला होते. अर्जाला साइटसारखी पांढऱ्याची सक्ती नव्हती, आणि काचेवरचे पांढरे फोटो मला दवाखान्यातल्यासारखे वाटत होते. काळं हवं होतं. मखमल आणली, ती कुठून कुठून धूळ ओढून घेते ते ओढणारीलाच ठाऊक. काळी कार्डशीट जवळून करडी आणि केसाळ दिसते. एके दिवशी जेवणानंतर हात धुताना ओट्याकडे लक्ष गेलं. जुन्या ओट्याचा कडप्पा, पॉलिश कधीच गेलेलं, काळा-करडा, न चमकणारा.

ओटा गॅलरीत नेता येत नाही, म्हणून घोडबंदर रोडवरच्या एका फरशीवाल्याकडे गेलो.

“काका, दीड फुटाचा तुकडा? पायरीला का?”

“नाही हो, फोटो काढायचाय.”

तो क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “पॉलिशवाला नेऊ नका मग, तुमचंच तोंड दिसेल.” आणि मागच्या ढिगातून बिनपॉलिशचा फुटका तुकडा काढून, कड कटरने सरळ करून 150 रुपयांना दिला. त्याच्याकडून शाहाबादीचाही एक वीतभर तुकडा फुकट मिळाला, फिक्या करड्या रंगाचा. फोटोवाल्यांपेक्षा याच माणसाने मला बॅकग्राउंड जास्त नीट समजावलं असं मी म्हणेन. तुकडा ओला करून दाखवला: ओला कडप्पा गडद होतो आणि चमकतो, कोरडा करडा राहतो. तेलाचा डाग पडला की जात नाही, म्हणून घरी आणल्यावर साबणाने धुवून दोन दिवस पूर्ण वाळू द्या.

आणखी एक काळजी, ही तांब्याचं काम करणाऱ्यांसाठी. फोटोआधी आपण तार चिंचेने किंवा लिंबाने उजळतो. कडप्पा आणि शाहाबादी दोन्ही चुनखडीचे दगड, आंबट पडलं की तिथे कायमचा फिकट डाग उठतो. तार दुसरीकडे साफ करायची, धुवायची, पुसायची, मगच दगडावर ठेवायची. भांड्यांची पावडर तर वापरूच नका, तिचे कण वेढ्यांत अडकतात आणि फोटोत पांढरे ठिपके दिसतात. उजळल्यानंतर तारेला बोट लावायचं नाही. आपल्या दमट हवेत ठसा सकाळी दिसत नाही, संध्याकाळी तपकिरी झालेला असतो.

कडप्प्यावर लॅब्राडोराइट ठेवला तेव्हा ही स्वयंपाकघरातून बाहेर येऊन उभी राहिली. त्या दगडाची निळी-हिरवी चमक ठरावीक कोनातच दिसते. पांढऱ्यावर आजूबाजूच्या उजेडात ती धुवून जात होती, इथे कोन सापडला की पेटते. फोन हलवण्याऐवजी तो तिवईवर ठेवून लोलक थोडा थोडा फिरवायचा. मूनस्टोनचंही तेच, त्याची निळसर झाक काळ्यावरच कळते. टायगर आयला मात्र मळभ मानवत नाही. त्याची सरकणारी रेघ दिसायला एका बाजूचा, एका ठिकाणाहून येणारा उजेड लागतो, म्हणून खिडकीचं एकच दार उघडं ठेवलं. काळा ऑनिक्स कडप्प्यावर गडप होतो, त्याला शाहाबादी. लॅपिसही शाहाबादीवरच, त्यातले पायराइटचे सोनेरी कण करड्यावर बरोबर दिसतात.

अकीकने सगळ्यात दमवलं. आमचा अकीक गुजरातमधल्या खंबातचा. तिथे दगड तापवून त्याचा लाल रंग खुलवण्याची कारागिरी फार जुनी आहे, आणि त्या लालीची मजा उजेड दगडातून आरपार आला की कळते. कडप्पा मागून उजेड येऊच देत नाही. शेवटी काच पुन्हा काढली, लोलक तिच्यावर, आणि खाली सनबोर्डचा फक्त दगडाच्या मागे येईल एवढा तुकडा तिरका, बाकी काळी कार्डशीट. दगड आतून उजळला, तार काळ्यात स्वच्छ राहिली.

उजेड मात्र सकाळी दहापर्यंतचाच. गणपतीच्या दिवसांत संध्याकाळी गल्लीतल्या मंडपाच्या रंगीत माळा लागायच्या आणि तारेत लाल-हिरवे ठिपके नाचायचे. फोन जवळ नेऊ नका, जवळ गेले की बरेच फोन आपोआप रुंद लेन्स निवडतात, कड्या वाकड्या दिसतात आणि फोनची सावलीही पडते. दोन हात मागे जाऊन 2 एक्स झूम, दोन सेकंदांचा टायमर. तिवई 650 रुपयांची, सगळ्यात मोठा खर्च तोच.

सहावा फोटो गळ्यातला. “चेहरा नको हं,” ही अट घालून ही बसली. बिननक्षीचा राखाडी सुती ब्लाउज. त्वचेवर तांब्याचा रंग जसा आहे तसा येतो, आणि आकाराचा प्रश्नही मिटतो, एरवी लोक “केवढा आहे?” हेच विचारतात, 35 मिमी असं लिहिलेलं कोणी वाचत नाही. गळ्याला पावडर लावायची नाही, ती तारेत पांढरी दिसते.

अर्ज 13 सप्टेंबरला भरला. मूळ फोटो 5-6 एमबीचे होते. ते व्हॉट्सॲपवरून स्वतःलाच पाठवून लहान करू नका, बारीक तारेची पार वाट लागते. एक्सपोर्ट करताना लांब बाजू 2000 पिक्सेल ठेवली की 2 एमबीच्या आत बसतं. नंतर पितृपक्ष, ऑर्डरी बंद, आणि रोज मेल उघडून बघणं. 24 तारखेला होकार आला. टेबल 19 आणि 20 ऑक्टोबरला लागलं. आयोजकांनी इन्स्टाग्रामवर आमचा कडप्प्यावरचा लॅब्राडोराइट टाकला होता. दोन-तीन बायका तो फोटो फोनवर उघडून, लोलक शेजारी धरून पडताळून बघत होत्या. रंग जुळला. एकीने घेतला, दुसरीने “काळा दगड पण विकता का?” म्हणून कडप्प्याची चौकशी केली, टेबलावर मांडायला तोच नेला होता.

साइटवर आता मुख्य फोटो काचेवरचा पांढरा, दुसरा कडप्पा किंवा शाहाबादी, तिसरा गळ्यातला असा क्रम ठेवला आहे. राहिली आहेत ती कानातली. ती आडवी ठेवली की मेलेल्या माशासारखी दिसतात, लटकवायलाच हवीत. सध्या तंगूस दोऱ्याने लाकडी पट्टीला टांगतो आणि मागे हातभर अंतरावर शाहाबादी उभी करतो. तंगूस फोटोतून पुसता येतो, पण वाऱ्याने दोन्ही कानातली वेगवेगळ्या दिशांना तोंड करतात. खाली तंगुसाचंच दुसरं टोक बांधून त्याला नट लटकवून बघतोय. कोणी याहून सोपं काही करत असेल तर जरूर सांगा.